गाठीत सापडलेला तुकडा

मेरी-डेल चिल्टन यांच्या शोधनिबंधांची यादी वाचताना दोन नोंदींपाशी थांबावंच लागतं. पहिली १९७४ सालची, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकातली. वनस्पतींच्या गाठींमध्ये ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूचा डीएनए आढळला नाही, असं तिचं शीर्षकच सांगतं. दुसरी १९७७ची, ‘सेल’ या नियतकालिकातली. तिच्या शीर्षकात म्हटलं आहे, की जिवाणूतल्या प्लाझ्मिडचा डीएनए वनस्पतीच्या पेशीत कायमचा सामावला जातो. दोन्ही निबंधांवर पहिलं नाव चिल्टन यांचंच आहे. तीन वर्षांत त्यांनी स्वतःचा निष्कर्ष स्वतःच्याच हातांनी ओलांडला. वनस्पतींच्या जनुकीय अभियांत्रिकीचा पाया या दोन निबंधांच्या मधल्या काळात घातला गेला. तिथली गोष्ट समजली, की बीटी कापसापासून आजच्या जनुक संपादनापर्यंतची पुढची वाट बरीच सोपी होते.

सुरुवात त्या गाठीपासून करायला हवी. द्राक्ष, गुलाब, बदाम, अक्रोड, सफरचंद अशा झाडांच्या खोडावर, बहुतेक वेळा मातीलगत, कधी कधी एक ओबडधोबड गाठ वाढते. झाड लगेच मरत नाही, पण त्याची वाढ खुंटते, उत्पन्न घटतं. अमेरिकेच्या कृषी खात्यातले एर्विन स्मिथ आणि चार्ल्स टाउनसेंड यांनी १९०७ मध्ये दाखवून दिलं, की ही गाठ मातीतल्या एका जिवाणूमुळे होते. जखम झालेल्या खोडावर तो जिवाणू सोडला की गाठ येते. आज त्याला ॲग्रोबॅक्टेरियम ट्यूमिफेशियन्स म्हणून ओळखतात.

इथवर हा एक साधा पिकांचा रोग होता. त्याला खोली आली ती १९४० च्या दशकात, अमेरिकेतल्या रॉकफेलर संस्थेतल्या आर्मिन ब्राऊन यांच्या प्रयोगांमुळे. ब्राऊन यांनी आपल्या अंगणात दिसते त्या सदाफुलीचा उपयोग केला. सदाफुली बऱ्यापैकी उष्णता सोसते, हा जिवाणू सोसत नाही. त्यांनी रोपाला लागण केली आणि थोड्या काळाने रोप तापवून जिवाणू मारून टाकले. लागण होऊन एक-दोन दिवस उलटले असतील, तर जिवाणू मेल्यावरही गाठ वाढतच राहायची. त्या गाठीतल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या, तरी त्यांचं विभाजन थांबत नसे. साध्या वनस्पतिपेशींना भांड्यात वाढायला ऑक्सिन आणि सायटोकायनिन ही संप्रेरकं बाहेरून द्यावी लागतात. गाठीच्या पेशींना ती लागत नव्हती. म्हणजे जिवाणूने पेशीत असं काहीतरी सोडलं होतं, की ज्यामुळे पेशीचा स्वभावच पालटला आणि तो बदल पुढच्या पिढीतल्या पेशींकडेही गेला. हे ‘काहीतरी’ कोणतं, ते ब्राऊन यांच्या हाती लागलं नाही.

दुसरा धागा फ्रान्समधून आला. जॉर्ज मोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या गाठींमध्ये ऑक्टोपाइन, नोपालाइन अशी काही अनोखी रसायनं सापडली. निरोगी वनस्पतीत ती नसतात. त्याहून विशेष म्हणजे कोणतं रसायन तयार होणार हे झाडावर अवलंबून नव्हतं. ते जिवाणूच्या वाणावर अवलंबून होतं. तंबाखूच्या एकाच रोपावर एका वाणाने ऑक्टोपाइनची गाठ येई, तर दुसऱ्या वाणाने नोपालाइनची. आणि ज्या वाणाने जे रसायन करवून घेतलं, तेच रसायन तो वाण खाऊन जगू शकत होता. आज मागे वळून पाहताना उत्तर इतकं उघड वाटतं, की त्या वेळी ते का पटत नव्हतं याचं आश्चर्य वाटावं. पण जिवाणूचं जनुक वनस्पतीत जाऊन काम करतं, हे म्हणणं तेव्हा धाडसाचं होतं. जीवसृष्टीची ही दोन राज्यं इतकी दूरची, की त्यांच्यात जनुकांची ये-जा होत असेल असं मानायला फार भक्कम पुरावा हवा होता.

पुरावा असल्याचे दावे मात्र होत होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक प्रयोगशाळांनी गाठीत जिवाणूचा डीएनए मिळाल्याचं जाहीर केलं होतं. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाचे रॉब स्किलपेरूर्ट हे त्यांतलं महत्त्वाचं नाव.

चिल्टन यांचा प्रवेश इथे होतो, तो शंका घेणाऱ्या म्हणून. १९३९ मध्ये इंडियानापोलिस शहरात जन्मलेल्या मेरी-डेल यांनी इलिनॉय विद्यापीठात रसायनशास्त्राचं शिक्षण घेतलं. १९६७ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या डॉक्टरेटचा विषय होता, डीएनएची सुटी एकेरी साखळी बॅसिलस सबटिलिस या जिवाणूच्या पेशीत जाऊन तिचे गुणधर्म बदलू शकते का. त्यानंतर सिॲटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी डीएनएच्या दोन साखळ्या एकमेकींना ओळखून पुन्हा जुळतात त्या प्रक्रियेवर प्रभुत्व मिळवलं. गाठीत जिवाणूचा डीएनए असल्याचे सगळे दावे याच जुळणीच्या प्रयोगांवर उभे होते. त्यामुळे चिल्टन यांनी ते निबंध वाचले, ते जाणकाराच्या नजरेने. पुरावा त्यांना कच्चा वाटला. जिवाणूचा डीएनए नमुन्यात चुकून मिसळला असता, तरी तेच आकडे आले असते.

त्याच विद्यापीठात जिवाणूंचे अभ्यासक यूजीन नेस्टर होते आणि वनस्पती व विषाणूंवर काम करणारे जीवरसायनशास्त्रज्ञ मिल्टन गॉर्डन होते. चिल्टन या दोघांना जाऊन मिळाल्या. तिघांच्या तीन विद्या एकत्र आल्यावर हा प्रश्न नव्याने हाताळता आला. १९७४ चा निबंध त्याचं पहिलं फळ. गाठीच्या डीएनएमध्ये जिवाणूचा डीएनए अगदी थोडा असता, तरी दिसावा इतकी सूक्ष्म मोजणी त्यांनी केली होती. आपली पद्धत किती बारीक प्रमाणापर्यंत पाहू शकते, हेही त्यांनी तपासलं होतं. तिथवर काही दिसलं नाही. त्यांनी तसं लिहिलं.

नकारात्मक निष्कर्षाला विज्ञानात फारसा मान मिळत नाही. मला मात्र चिल्टन यांच्या कारकिर्दीतला हा निबंध फार मोलाचा वाटतो. ‘सापडला नाही’ असं म्हणताना ‘इतक्या प्रमाणापर्यंत शोधला आणि सापडला नाही’ असं त्यात म्हटलं होतं. त्यामुळे पुढे काय करायचं हे त्यातूनच कळत होतं. जिवाणूचा पूर्ण डीएनए गाठीत नाही, इतकं पक्कं झालं. लहानसा तुकडा असेल, तर तो पकडायला आणखी तीक्ष्ण साधन हवं, आणि कोणता तुकडा शोधायचा हेही आधी कळायला हवं.

ते दुसरं काम त्याच वर्षी बेल्जियममध्ये झालं. गेंट विद्यापीठातल्या जेफ शेल आणि मार्क व्हॅन मॉन्टागू यांच्या गटाला रोगकारक ॲग्रोबॅक्टेरियममध्ये एक प्रचंड प्लाझ्मिड सापडलं. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राखेरीज पेशीत असणारं डीएनएचं वेगळं वर्तुळ. तोवर माहीत असलेली प्लाझ्मिडं बरीच छोटी असत. हे सुमारे दोन लाख बेस-जोड्यांचं होतं, आणि गाठ न आणणाऱ्या वाणांत ते नव्हतं. सिॲटलच्या गटाने १९७५ मध्ये त्याला स्वतंत्र दुजोरा दिला. जिवाणू ३७ अंश सेल्सियसला वाढवले तर ते प्लाझ्मिड गमावतात, आणि त्याबरोबर गाठ आणण्याची शक्तीही. त्याला टीआय प्लाझ्मिड हे नाव पडलं. आता शोध नेमका झाला. अख्ख्या जिवाणूचा डीएनए शोधण्याऐवजी या वर्तुळाचा डीएनए गाठीत शोधायचा.

१९७७ चा तो प्रयोग समजून घेण्यासारखा आहे. डीएनए तापवला की त्याच्या दोन साखळ्या सुट्या होतात आणि निवल्यावर योग्य जोडीदार शोधून पुन्हा जुळतात. जोडीदार जितके जास्त, तितकी जुळणी लवकर. टीआय प्लाझ्मिडचा किरणोत्सारी खूण केलेला थोडा डीएनए गाठीच्या भरपूर डीएनएमध्ये मिसळायचा. गाठीत प्लाझ्मिडचा डीएनए असेल, तर खूण केलेल्या साखळ्यांना जास्त जोडीदार मिळतील आणि त्या भराभर जुळतील. निरोगी तंबाखूच्या डीएनएबरोबर तसं होणार नाही. दोन्हींच्या वेगांतला फरक हाच पुरावा.

पूर्ण प्लाझ्मिड वापरून पाहिलं तेव्हा फरक इतका पुसट होता, की त्यावर विसंबता येईना. अडचण चिल्टन यांच्या लक्षात आली. गाठीत प्लाझ्मिडचा एखादाच छोटा भाग गेला असेल, तर खूण केलेल्या डीएनएपैकी तेवढाच भाग लवकर जुळेल, आणि बाकीचा सगळा नेहमीच्या वेगाने. वीस जणांच्या समूहगानात एकाचाच सूर किंचित चढला तर तो ऐकू येत नाही, प्रत्येकाला वेगवेगळं गायला लावलं तरच कळतं. त्यांनी तेच केलं. डीएनए ठरावीक जागी तोडणारी विकरं त्या काळी नुकतीच हाती आली होती. त्यांतलं एक वापरून त्यांनी प्लाझ्मिडचे तुकडे केले, जेलमध्ये आकारानुसार ते वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागले, आणि प्रत्येक पट्टीतला डीएनए स्वतंत्र काढून, त्यावर खूण करून, गाठीच्या डीएनएबरोबर एकेक करून तपासला. काम कंटाळवाणं होतं. प्रत्येक चाचणीला गाठीचा डीएनए मोठ्या प्रमाणात लागत असे, आणि त्यासाठी तंबाखूच्या गाठीच्या पेशी भांड्याभांड्यांतून वाढवाव्या लागत. एकामागून एक पट्टी तपासली, फरक दिसेना. मग एका पट्टीतल्या तुकड्यांनी गाठीच्या डीएनएबरोबर स्पष्टपणे वेग पकडला. निरोगी तंबाखूच्या डीएनएबरोबर तो वेग नव्हता.

जिवाणूचा डीएनए गाठीत होता. तो प्लाझ्मिडचा एक छोटा, ठरावीक भागच होता, म्हणून १९७४ मध्ये तो दिसला नव्हता. स्किलपेरूर्ट यांचा अंदाज बरोबर ठरला, त्यांचा पुरावा मात्र खरंच अपुरा होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि चिल्टन यांच्या यादीत त्या शेजारीशेजारी नोंदलेल्या आहेत.

पुढच्या काही वर्षांत चित्र वेगाने भरत गेलं. वनस्पतीत जाणाऱ्या त्या तुकड्याला टी-डीएनए म्हणू लागले. त्यात वनस्पतीची संप्रेरकं तयार करणारी जनुकं होती, म्हणून गाठीच्या पेशींना बाहेरून संप्रेरक लागत नव्हतं. ऑक्टोपाइन किंवा नोपालाइन बनवणारं जनुकही त्यातच होतं, म्हणून मोरेल यांची निरीक्षणं बरोबर होती. आणि ती रसायनं पचवण्याची जनुकं प्लाझ्मिडच्या उरलेल्या भागात, जिवाणूकडेच राहिली होती. जिवाणू वनस्पतीच्या पेशीत आपला डीएनए पाठवतो, ती पेशी वाढत राहते आणि त्याच जिवाणूला खाता येईल असं अन्न तयार करते. चिल्टन यांचे पती स्कॉट चिल्टन हे रसायनशास्त्रज्ञ, आणि या ओपाइन गटातल्या रसायनांवर त्यांनीही काम केलं आहे.

१९७९ मध्ये चिल्टन सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत आल्या. सिॲटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ वेगळं, हे वेगळं. त्यांच्या चरित्रात दोन्ही येतात म्हणून सांगावं लागतं. इथे दोन शोध पक्के झाले. एक, टी-डीएनए वनस्पतिपेशीच्या केंद्रकातल्या डीएनएमध्ये असतो, हरितलवकात किंवा तंतुकणिकेत नाही. हे १९८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. दुसरा जास्त महत्त्वाचा. १९८२ मध्ये दिसलं, की टी-डीएनएच्या दोन्ही टोकांना सुमारे २५ बेस-जोड्यांचा जवळपास सारखाच एक क्रम असतो. जिवाणूची यंत्रणा हा क्रम ओळखते आणि दोन टोकांच्या मधलं जे असेल ते उचलून वनस्पतीत नेते. मध्ये काय लिहिलं आहे याची तिला फिकीर नसते. गाठ आणणारी जनुकं काढून तिथे दुसरं कोणतंही जनुक ठेवलं, तर तेही तसंच पोहोचेल. ही गोष्ट कळली त्या क्षणी रोगाच्या अभ्यासातून एक तंत्र जन्माला आलं.

हा डीएनए कसा जातो, हे नंतरच्या संशोधनाने उलगडलं. जखमी वनस्पतीतून ॲसिटोसिरिंगोन नावाचं रसायन पाझरतं. जिवाणू ते ओळखतो, त्याची ‘व्हिर’ जनुकं जागी होतात, टी-डीएनएची एक साखळी टोकांपाशी कापली जाते आणि प्रथिनांच्या नळीतून वनस्पतीच्या पेशीत ढकलली जाते. एकेरी साखळीच जाते. चिल्टन यांची डॉक्टरेट एकेरी साखळीवरच होती, हा योग मला विलक्षण वाटतो.

पण जनुक आत गेलं म्हणजे ते काम करेल, असं नाही. प्रत्येक जनुकाच्या आधी ते चालू करण्याची जागा असते, तिला प्रोमोटर म्हणतात. जिवाणूचे प्रोमोटर वनस्पती ओळखत नाहीत. नोपालाइन बनवणारं जनुक मात्र अपवाद. ते राहतं जिवाणूत, पण त्याचा प्रोमोटर वनस्पतीत चालेल असाच आहे. मायकेल बेव्हन आणि चिल्टन यांनी, केंब्रिजचे रिचर्ड फ्लॅवेल यांच्यासह, याचाच उपयोग केला. नोपालाइन जनुकाच्या प्रोमोटरपुढे त्यांनी कॅनामायसिन या प्रतिजैविकाला निष्प्रभ करणारं जिवाणूचं जनुक जोडलं. हजारो पेशींपैकी ज्यांच्यात नवा डीएनए गेला, त्याच कॅनामायसिन असलेल्या भांड्यात तगतात, बाकीच्या मरतात. निवडीची ही युक्ती नसती, तर लाखो पेशींतून बदललेली एखादी शोधणं जवळपास अशक्य होतं. या नोपालाइन जनुकाचं शेवटचं टोक आजही अनेक जनुकीय सुधारित पिकांत आढळतं. धान्यात किंवा खाद्यपदार्थात जनुकीय सुधारित घटक आहे का हे तपासणाऱ्या प्रयोगशाळा ज्या खुणा प्रथम शोधतात, त्यांतली ती एक आहे.

जानेवारी १९८३ मध्ये मायामीतल्या परिसंवादात तीन गटांनी एकाच वेळी जाहीर केलं, की आम्ही वनस्पतींच्या पेशींत बाहेरचं जनुक घालून ते चालवून दाखवलं आहे. चिल्टन यांचा गट, गेंटमधला शेल आणि व्हॅन मॉन्टागू यांचा गट, आणि मोन्सॅन्टो कंपनीचा रॉबर्ट फ्रेली, रॉबर्ट हॉर्श आणि स्टीफन रॉजर्स यांचा गट. मोन्सॅन्टोचं मुख्यालयही सेंट लुईसलाच होतं. एका जिवाणूवर खंडांपलीकडून चाललेली ही शर्यत एकाच आठवड्यात, एकाच सभागृहात येऊन मिळाली.

त्याच वर्षी चिल्टन यांच्या गटाने आणखी एक पाऊल टाकलं, आणि मला ते त्या घोषणेपेक्षाही निर्णायक वाटतं. भांड्यातल्या पेशींना जनुक मिळालं एवढ्याने शेतकऱ्याचं काही होत नाही. त्या पेशींपासून निरोगी, फुलणारं, बी धरणारं रोप तयार व्हावं लागतं. गाठीच्या पेशींपासून ते होत नव्हतं, कारण संप्रेरकांची जनुकं पेशींना रोप होऊच देत नाहीत. केनेथ बार्टन, अँड्र्यू बिन्स आणि चिल्टन यांनी टी-डीएनएमधल्या अशाच एका जनुकात यीस्टचं जनुक घुसवलं. त्यामुळे गाठ आणण्याची शक्ती निकामी झाली, आणि बाहेरचं जनुकही आत गेलं. त्या पेशींपासून तंबाखूची साधी, सरळ रोपं आली. त्यांना बी धरलं. त्या बियांतून उगवलेल्या पुढच्या पिढीतही तो डीएनए होता. मटार आणि राजगिऱ्यात लागू होणारे मेंडेलचे नियम या नव्या जनुकालाही लागू होत होते.

पेटंटच्या बाबतीत मात्र पुढची दोन दशकं वादात गेली. हे तंत्र आधी कोणी साधलं, यावर विद्यापीठं आणि कंपन्या अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात भांडत राहिल्या. बार्टन, बिन्स आणि चिल्टन यांच्या कामाचं पेटंट निघायला २००० साल उजाडलं. तंत्राचा प्रसार त्यासाठी थांबला नाही. लायडनच्या स्किलपेरूर्ट यांच्या गटाने १९८३ मध्ये एक सोय शोधली, की टी-डीएनए आणि तो नेणारी ‘व्हिर’ जनुकं दोन वेगवेगळ्या प्लाझ्मिडांवर ठेवता येतात. त्यामुळे संशोधकाला अजस्र टीआय प्लाझ्मिडशी झटापट करावी लागत नाही. पुढच्या वर्षी बेव्हन यांनी बनवलेलं अशाच पद्धतीचं प्लाझ्मिड जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचलं. चिल्टन यांनी ज्यांच्या पुराव्यावर शंका घेतली होती, त्यांच्याच प्रयोगशाळेने त्यांच्या तंत्राला सर्वांत वापरता येण्याजोगं रूप दिलं.

१९८३ मध्येच चिल्टन विद्यापीठ सोडून सिबा-गायगी या स्विस कंपनीत गेल्या. नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये त्यांनी शेतीविषयक जैवतंत्रज्ञानाची प्रयोगशाळा उभी केली. कंपनीची पुढे नोव्हार्टिस झाली, मग तिच्या शेतीविभागातून सिन्जेन्टा तयार झाली, पण चिल्टन तिथेच राहिल्या आणि २०१८ मध्ये निवृत्त झाल्या. तिथलं पहिलं मोठं यश म्हणजे अळीला मारणारं बीटी जनुक घातलेला मका. १९९६ मध्ये तो अमेरिकेत बाजारात आला. पण हा मका ॲग्रोबॅक्टेरियमने बनवला नव्हता! डीएनएचा लेप दिलेले धातूचे सूक्ष्म कण पेशींवर मारणाऱ्या जनुक-बंदुकीने तो बनवला होता. कारण ॲग्रोबॅक्टेरियम निसर्गात द्विदल वनस्पतींना लागण करतो, आणि मका, भात, गहू ही एकदल पिकं त्याला दाद देत नव्हती. एकदल पिकांचं हे कुलूप जपानमध्ये उघडलं, आधी भातात १९९४ मध्ये आणि मग मक्यात १९९६ मध्ये. चिल्टन यांची कंपनी आणि चिल्टन यांचं तंत्र यांची गाठ पडायला असा वेळ लागला.

कापूस मात्र द्विदल आहे, आणि त्यातूनच हे तंत्र महाराष्ट्राच्या शेतात आलं. मोन्सॅन्टोच्या संशोधकांनी ॲग्रोबॅक्टेरियम वापरून बीटीचं जनुक कोकर ३१२ या अमेरिकी कापसाच्या वाणात घातलं. कापसाच्या बहुतेक वाणांच्या पेशींपासून पूर्ण रोप उगवणं अवघड, कोकरमध्ये ते जमतं, म्हणून त्याची निवड. जालन्याच्या महिकोने त्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करून ते जनुक आपल्या संकरित वाणांत आणलं. २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने अशा तीन वाणांना मान्यता दिली. भारतात लागवडीला मान्यता मिळालेलं ते पहिलं जनुकीय सुधारित पीक. महिकोचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ मध्ये जो जागतिक अन्न पुरस्कार मिळाला होता, तोच २०१३ मध्ये चिल्टन, व्हॅन मॉन्टागू आणि फ्रेली यांना विभागून मिळाला. शेल यांचं निधन २००३ मध्ये झालं होतं. त्यामुळे त्यांचं नाव त्या यादीत नाही, ही रुखरुख राहते.

विदर्भ-मराठवाड्यातला कापूस उत्पादक या जनुकाला दोन अनुभवांनी ओळखतो. सुरुवातीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या घटल्या. पुढे गुलाबी बोंडअळी परतली. २००६ मध्ये दोन बीटी जनुकांचं वाण आलं, पण त्यालाही ती पुरून उरली, आणि २०१७ च्या हंगामात डोमकळ्या आणि किडकी बोंडं घेऊन शेतकरी हताश झाला. यामागे फरदड ठेवण्याची सवय, बिगर-बीटी आश्रय पट्ट्यांकडे झालेलं दुर्लक्ष अशी कारणं सांगितली जातात, आणि ती खरी आहेत. पण त्यात एक कारण थेट बार्टन-चिल्टन यांच्या १९८३ च्या प्रयोगाला जोडलेलं आहे. भारतात बीटी कापूस संकरित बियाण्यांच्या रूपात आला. अशा संकरित झाडात एका बीटी जनुकाची एकच प्रत असली, तर मेंडेलच्या नियमानुसार त्याच्या बोंडातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या सरकीत ते जनुक नसतं. गुलाबी बोंडअळी सरकीच खाते. एकाच बोंडात बीटी असलेली आणि नसलेली सरकी मिळाली, की अळीला प्रतिकारशक्ती मिळवायला सोपं जातं, असं कीटकशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे. ज्या देशांत सरळ वाणांत, म्हणजे दोन्ही प्रतींत बीटी जनुक आहे, तिथे अळीला ही सवलत मिळत नाही. जनुक कसं घातलं यापेक्षा ते कोणत्या प्रकारच्या बियाण्यात घातलं, हा प्रश्न आपल्याकडे जास्त महागात पडला. तो आपण जितक्या गांभीर्याने विचारायला हवा होता तितका विचारला नाही, असं मला वाटतं. बीटी वांग्यावर २०१० पासून स्थगिती आहे, आणि बांगलादेशात तेच वांगं २०१४ पासून शेतात आहे. यावरची चर्चाही तंत्रावर कमी आणि भीती किंवा भरवशावर जास्त होते.

तंत्र म्हणून पाहिलं तर निसर्गाने ते कधीच वापरून ठेवलं आहे. २०१५ मध्ये गेंट आणि पेरू इथल्या संशोधकांनी जगभरच्या रताळ्यांचे २९१ लागवडीखालचे नमुने तपासले, आणि सगळ्यांत ॲग्रोबॅक्टेरियमचा टी-डीएनए आढळला. रताळ्याच्या जवळच्या रानटी भाऊबंदांत तो नव्हता. हजारो वर्षांपूर्वी कधीतरी या जिवाणूने रताळ्याच्या पूर्वजात आपला डीएनए पाठवला, आणि माणसाने निवडून वाढवलेल्या रताळ्यात तो टिकला. एकादशीला आणि महाशिवरात्रीला आपण उकडून, भाजून किंवा तुपात परतून जे रताळं खातो, ते या अर्थाने निसर्गाचं जनुकीय सुधारित पीक आहे. यावरून माणसाने घातलेलं प्रत्येक जनुक सुरक्षित ठरत नाही. प्रत्येक नव्या जनुकाची वेगळी तपासणी व्हायलाच हवी. पण जनुकांची राज्याराज्यांमधली ये-जा मुळात अनैसर्गिक आहे, हा आक्षेप मात्र टिकत नाही.

या तंत्राचा एक खरा दोष चिल्टन यांना सुरुवातीपासून माहीत होता. टी-डीएनए वनस्पतीच्या डीएनएमध्ये कुठे जाऊन बसेल, ते आधी सांगता येत नाही. कधी एखाद्या महत्त्वाच्या जनुकाच्या मध्येच बसतो आणि ते बिघडवतो. कधी अशा निद्रिस्त भागात बसतो, की तिथे नवं जनुक गप्प पडतं. म्हणून हजारो रोपं तयार करून त्यांतली एक चांगली निवडावी लागते. याच प्रश्नावर चिल्टन यांनी पुढची वर्षं दिली. २००३ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, त्यांनी सहकारी च्युडेंग क्वे यांच्याबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. डीएनएमधला एक लांबलचक, दुर्मीळ क्रम ओळखून तिथेच दोन्ही साखळ्या तोडणारं एक विकर त्यांनी निवडलं. तंबाखूच्या डीएनएमध्ये तो क्रम आधीच बसवून ठेवला. मग त्या जागी छेद केला आणि ॲग्रोबॅक्टेरियममार्फत टी-डीएनए पाठवला. तो त्या छेदात जाऊन बसल्याची अनेक उदाहरणं त्यांना मिळाली. त्यावरून त्यांनी मांडलं, की टी-डीएनए वनस्पतीच्या तुटलेल्या डीएनएची दुरुस्ती चालू असताना त्यात शिरत असावा. म्हणजे तो कुठे बसवायचा असेल, तर आधी तिथे छेद करायला हवा.

त्या वेळी हव्या त्या जागी छेद करण्याचं सोपं साधन कोणाकडेच नव्हतं. ते क्रिस्पर-कॅसच्या रूपाने पुढच्या दशकात आलं. आज तांदळात किंवा टोमॅटोत जनुक संपादन करताना क्रिस्परची जनुकं पेशीत पोहोचवायला अनेक प्रयोगशाळा ॲग्रोबॅक्टेरियमच वापरतात, आणि ती जनुकं ज्या दोन टोकांच्या मध्ये बसवतात, ती टोकं सेंट लुईसमध्ये १९८२ मध्ये वाचलेली तीच, सुमारे २५ बेस-जोड्यांची आहेत.